वाळत

नियम क्रमांक चौदा:
रस्त्यावरून दिसेल असं काहीही वाळत घालू नये.
तो मीच टाइप केला होता,
कॉलनीचा सचिव म्हणून.
कॉफी गार होत चालली होती
आणि कुणीच हरकत घेतली नाही.

मग सत्तावीस नंबरात लोरेटा गिलिस आली,
केप ब्रेटनकडची, मच्छीमाराच्या घरातली,
आणि पहिल्याच शनिवारी
मेपलपासून कुंपणाच्या खांबापर्यंत
दोरी बांधून मोकळी झाली.
नवऱ्याचे पायजमे, उशांचे अभ्रे,
एक भलंमोठं पिवळं बेडशीट.
सगळी गल्ली खिडकीत.

आम्ही पत्र पाठवलं.
तिने ते चिमटा लावून दोरीवर टांगलं.
शाई ओघळली. कागद मात्र छान वाळला.

तिचं म्हणणं एवढंच:
समुद्रावरून वारा फुकट येतोय,
आणि मी कुठेतरी कोळसा जाळायला लावून
मोज्यांना ऊब देत बसू?

कपडे वाळत घातले
म्हणून आम्ही तिला वाळीत टाकलं.
बार्बेक्यूचं आमंत्रण नाही,
केक घेऊन कुणी दार वाजवलं नाही,
फोलींच्या पोरीनेसुद्धा
सायकल पलीकडच्या फुटपाथवर घेतली.

जानेवारीत वाटलं, आता फिटेल हौस.
उणे अकरा.
ती बूट चढवून बाहेर,
ओल्या जीन्स दोरीवर,
मधूनमधून बोटांवर फुंकर.
तासाभरात जीन्सचं लाकूड झालं.
रॉडीने ती काखेत मारून
फळ्या न्याव्यात तशी आत नेली;
एक जोडी दाराशी उभीच राहिली, बिनआधाराची,
आत येऊ का, असं विचारत असल्यासारखी.
मी हसलो.
मग लक्षात आलं, पडद्याआड
एकटाच हसतोय.

त्या रात्री आमचा ड्रायर ऐकला,
वीस वर्षांत पहिल्यांदा.
तळघरात घरघरत होता
पोट भरलेल्या जनावरासारखा.
जाळीतून बोटभर जाड करडा कापूस निघाला:
आमचेच शर्ट, आमच्याच चादरी,
थोडं थोडं करून, दर आठवड्याला.

मार्चमध्ये दंडाची पावती द्यायला मीच गेलो.
तिने चेक लिहिला, चहा विचारला,
आणि आवाज खाली आणून म्हणाली,
"टॉवेल मात्र मी मशीनमध्येच घालते हं.
दोरीवरचे रॉडीला खरखरतात.
हे कुठे लिहू नका."
मी लिहिलं नाही.

नियम अजून आहे.
पुढच्या सभेत चर्चा होईल, किंवा नाही.
इतिवृत्त मीच लिहितो.

आज गॅरेजच्या मागे,
जिथलं फक्त कावळ्यांना दिसतं,
दोन खिळ्यांमध्ये सुतळी ताणून
मी एक रुमाल घातलाय.
दर दहा मिनिटांनी
हात लावून बघतो.

अजून ओलाच आहे.
वारा आहे.