पायरी

धुराडं आधीच कानसून झालं, श्वास रोखून.
बॉयलरवरचा ओतीव दांडा खरवडला,
तिथे पितळेची तार, केसाएवढी.
टेंडरमधला प्लास्टिकचा कोळसा उपटला;
नेस्टनं शेगडीजवळचा खरा कुटून दिला, चिमूटभर.

राहिली केबिनची पायरी.
कंपनीनं ती दीड मिलिमीटर खाली बसवलीय,
कुणास ठाऊक का.
इद्वाल मोजतो. ॲबरडेरच्या शेडमधला फोटो,
भिंग, परत पट्टी.
दीड गुणिले शहात्तर:
साडेचार इंच.

एवढी खाली असती ती,
तर त्या जानेवारीत, बर्फात, उतरताना
बापाचा बूट टेकला असता.

"राहू दे की तशीच," नेस्ट म्हणते.

तो दिवा जवळ ओढतो.
पायरी कापतो,
होती तिथे, वर, चिकटवतो,
आणि सुकेपर्यंत
अंगठा काढत नाही.