आम्ही म्हणजे कोण

माझ्या आईच्या भाषेत, ग्वारानीत,
'आपण' वेगळं आणि 'आम्ही' वेगळं.
ऐकणाऱ्याला पंगतीत घेतलं तर न्यांदे,
बाहेर ठेवलं तर ओरे.
फिनिशमध्ये दोन्हींना मिळून एकच शब्द: मे.
शाळेतल्या बाईंना हे सांगितलं
तर म्हणाल्या, 'आमचं एकात भागतं.'

लिएक्सात उतरले तो ऑगस्ट होता.
आरेग्वाला रस्त्याच्या कडेला
स्ट्रॉबेऱ्यांचे ढीग लागले असणार.
पाइविक्कीने फ्रीझरमधल्या काढून दिल्या
आणि माझं नाव म्हणून पाहिलं,
येरुत्ती, येऽरुती, येरुती.
तिसऱ्यांदा जमलं.
तुओमोने बूट दिले दोन मापं मोठे.
'लोकरी मोज्यांना जागा लागते.'
त्याचं एवढं बोलणं ऑक्टोबरपर्यंत पुरलं.

उणे सव्वीस होतं त्या दिवशी मी तेरेरे केला.
थंड पाण्यातला पाला,
एक शिंग, एक नळी, सगळ्यांची तोंडं.
बर्फ अंगणातूनच आणला.
ओइवा नऊ वर्षांचा. एक घोट घेतला,
तोंड वाकडं केलं,
आणि घरच्या वळणाने म्हणाला, 'धन्यवाद.'
आमच्याकडे धन्यवाद म्हणजे
पुरे, आता मला वगळा.
मी वगळलं.
पुढची पाळी येईल म्हणून
तो तासभर तिथेच बसून होता,
हे मला रात्री अंथरुणात कळलं.

जानेवारीतला गुरुवार.
गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं.
वाट्या उचलायच्या आधी पाइविक्की म्हणाली,
मे,
वेगळं राहायचं ठरवलंय.

मी चमचा धरून बसले.
ती आणि तुओमो, एवढं समजलं.
ओइवा? कुत्रा?
मी?
व्याकरणात कुठे बघायची सोय नव्हती.

संस्थेच्या बाईंचा फोन आला.
दुसरं कुटुंब बघायचं का, योएन्सूला,
दोघं दातांचे डॉक्टर, घरात पियानो.
'विचार करते,' म्हटलं.
दाराखाली ओइवाच्या पायांची सावली.

सकाळी त्याच्या बॅगेशेजारी माझी बॅग होती, भरलेली.
माझे मोजे, माझं शिंग, नळी,
आणि त्याचा कपाळाचा दिवा,
जो तो कोणाला हात लावू देत नसे.

मग एक आठवडा इथे,
एक आठवडा टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत.
अदलाबदलीला म्हणून आले होते,
तिच्या आत ही आणखी एक.
रविवारी आम्ही दोघं बॅगा घसरगाडीवर टाकून
पुलावरून ओढत न्यायचो.
इकडे मीठ खिडकीत,
तिकडे मीठ आणायचंच राहिलेलं.
माझ्यासमोर कोणी रडलं नाही.
एकदा फक्त तुओमो खाली गाडीत बसून राहिला,
इंजिन बंद,
काचा आतून पांढऱ्या होईपर्यंत.

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं.
दर रविवारी ती विचारायची, नीट वागवतात ना,
मी म्हणायची, हो, आणि ते खरंच होतं.
एप्रिलमध्ये तिने विचारलं,
'जेवता कधी गं हल्ली?'
मी बोलून गेले,
'ओरे? पाच वाजता.'

पलीकडे पंख्याचा आवाज.
तिच्याकडे पंखा अजून चालूच होता.
जन्मल्यापासून जेवणाच्या वाक्यात
मी तिला कधी बाहेर ठेवलं नव्हतं.

'बरोबर बोललीस,' आई म्हणाली.
'व्याकरण बरोबर आहे.'
मग कोंबड्यांचं काहीतरी सांगत राहिली
आणि मी ऐकत राहिले, अगदी लक्ष देऊन.

फोन ठेवला तर मागे ओइवा, शिंग घेऊन.
त्याची पाळी होती.
मी भरून दिलं.
त्याने नळी शेवटपर्यंत ओढली, तो खरखर आवाज येईस्तोवर,
शिंग परत दिलं,
आणि काही म्हणाला नाही.