दुसरा रकाना

वास्कोच्या कचेरीत रुजू झालो त्या महिन्यात
हाती आली ती लांबोडकी वही.
पहिला रकाना: बंदरात आली.
दुसरा: धक्क्याला लागली.
मला वाटलं, सरकारी खोड,
एकच गोष्ट दोनदा लिहायची.
मी पेडण्याचा. आमच्याकडे नुसती तर.
होडी आली म्हणजे आली,
पाय चिखलात, पाटी डोक्यावर, घर समोर.

बोगद्यावरची पिएदाद खिडकीशी आली.
"धक्क्यार लागली रे पुता, सांतानाची बोट?"
मी पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं,
म्हटलं, हो, बंदरात आली.

तिने इसवण आणलं, आख्खं.
उशांचे अभ्रे बदलले.
रात्री बाल्कांवात बसून बोटीचे दिवे मोजले,
शेजारणीला म्हणाली, तो तिसरा, तो त्याचा.

दुपारी तिओतोन पायलट
चहात पाव बुडवत मला सांगत होता:
"बंदर म्हणजे पाणी, बाबा.
वारा अडवलेलं पाणी. तिथे थांबता येतं,
उतरता येत नाही.
धक्का म्हणजे दगड, लोखंडी खुंटा,
आणि दोर फेकला की
तो झेलणारा एक माणूस."
पाव तुटून कपात पडला. तो चमचा शोधू लागला.

चौथ्या रात्री हुकूम बदलला.
धक्क्यावर जागा नव्हती, बोट मंगळुराला गेली.
पहिल्या रकान्यात तारीख, वेळ, माझं वळणदार अक्षर.
दुसऱ्यात काहीच नाही.
तिथे आडवी रेघ मारायची असते,
मी ती दोन दिवस मारली नाही.

आपल्या भाषेत बोट धक्क्याला लागते
आणि धक्का मात्र माणसाला लागतो,
हे मला तेव्हा सुचलं,
आणि सुचल्याची लाज वाटली.

पिएदाद भांडली नाही.
म्हणाली, इसवण शेजाऱ्यांनी खाल्लं,
बरं झालं होतं. आंबट जरा जास्त.
मग थोड्या वेळाने: दिवे दिसत होते रे.

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली.
काही विचारलं नाही,
वहीच आपल्याकडे फिरवून घेतली.
वाचता येत नव्हतं तिला.
बोट मात्र तिने बरोबर
दुसऱ्या रकान्यावर ठेवलं.