भरती-ओहोटीचा रकाना

आमच्या वहीत तारखेच्याही आधी एक रकाना आहे:
भरती की ओहोटी.
दलात नवी पोरं आली की विचारतात, हे कशाला?
मी पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे सरकवते.

साल सदतीस. चिलोए बेटाच्या आतल्या अंगाला
पुल्केमो गावची शाळा पेटली.
तिन्ही बाजूंना समुद्र, वर्षाकाठी तीनशे दिवस पाऊस,
आणि नेमकं त्या रात्री आभाळ कोरडं,
पाणी मैलभर मागे सरलेलं.
माणसं बादल्या घेऊन गाळातून धावली,
शिंपल्यांनी तळवे चिरत,
परत येईतो
बादलीत ओंजळभर उरलं
आणि शाळेत बिडाची चूल.

आग लागल्यावर विहीर खणणाऱ्यांना जग हसतं.
हसू दे.
दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खणायला घेतली.
होड्या बांधणारा एलेउतेरिओ बार्रीया
खडूसारख्या जाड अक्षरात लिहितो:
नऊ हात. दगड. अकरा हात. पाणी.
त्याखाली अकरा सह्या, तीन अंगठे.
एक अंगठा रोसेंदा लेविकोयचा.
तिच्या नावापुढे कुणीतरी लिहिलंय 'बाई',
आणि कुणीतरी ते खोडलंय.
खोडणाऱ्याची शाई वेगळी आहे.

मग चौदा वर्षं बटाटे.
घरटी एक पोतं, दर हंगामाला, पंपासाठी.
पंप आला तो हाताने दाबायचा, वापरलेला,
होडीवर मेंढ्यांच्या मधोमध बांधलेला.
पहिल्याच आगीत कातडी नळीला एकोणीस भोकं.
एकोणीस जणांनी एकोणीस तळहात दाबून धरले.
हे वहीत नाही. हे माझ्या आईने सांगितलं,
ती सातव्या भोकावर होती.

साठ साली धरणी हलली, किनारा खचला,
आणि समुद्र ठाण्याच्या उंबऱ्याशी येऊन बसला.
ज्याला हाका मारल्या होत्या
तो तेवीस वर्षांनी आला.

ठाणं उचलावं लागलं. अख्खं, लाकडी, घंटेसकट.
ओंडक्यांवर ठेवून, अठरा बैलजोड्या लावून
सबंध गावाने ते चढावर ओढलं.
घंटा काढायची राहून गेली,
ती वाटभर वाजत राहिली,
आणि पलीकडच्या गावचे लोक
बादल्या घेऊन धापा टाकत आले.
त्यांना बटाटे वाढले, सफरचंदाची दारू दिली.
बादल्या त्यांनी रिकाम्या नेल्या नाहीत.

आता बंब आहे, जर्मनीत वापरून झालेला.
दारावरची अक्षरं कुणाला वाचता येत नाहीत,
पण पुसलीही नाहीत कुणी.
पगार अजूनही कुणालाच नाही.
हजेरीत एलेउतेरिओचं नाव येतं, रोसेंदाचं येतं,
आणि जो कुणी हातातला चहा आधी खाली ठेवेल
तो म्हणतो, हजर.

कालची नोंद माझ्या हातची:
ओहोटी. ओतिलियाबाईंचं धुराडं. पहाटे तीन.
विहीर पुरली.
एक हातमोजा हरवला, डावा.