कलम सात

वाकडेवाडीच्या कचेरीत दुपारभर
एका शब्दावर अडलो: ‘शक्यतो’.
‘सांडपाणी शक्यतो प्रक्रिया करूनच सोडावे.’
पोलादवाल्यांचा वकील म्हणाला,
राहू द्या हो, भाषा जरा मऊ होते.

टेबलावर गव्हाणेबाईंची बाटली,
भोसरीच्या नाल्यातली, पहाटे तीनची.
तिकडे व्हॉल्व्ह तेव्हाच उघडतात.
झाकण घट्ट, तरी खोलीला
मुठीत धरलेल्या नाण्याचा वास.

क्रोमियम: लिटरला दोन मिलिग्रॅम.
टाइप केलं, थांबलो,
दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवलं.
एवढंसं टिंब.
त्याच्यापलीकडे पवना.

सहाला वकील चहाला उठला
तेवढ्यात मी ‘शक्यतो’ खोडलं.
वाक्य एकदम टणक झालं.
बाटली पिशवीत ठेवत बाई म्हणाल्या,
ते ठीक.
पण तीन वाजता नाल्यावर
उभं कोण राहणार?