उणे दोन

अकरा चाळीस.
आगरवाड्याच्या बर्फ कारखान्याचं छप्पर.
चपलेतून चटका वर येतोय.
लिंबाएवढा काचेचा घुमट
पॅनेलच्याच कलाने तिरका बसवला,
कोन दोनदा तपासला, पंधरा अंश,
आणि सूर्य आकडा झाला:
नऊशे बारा.
एका चौरस मीटरवर एवढे वॅट.
माझी सावली त्यावर पडू नये म्हणून
उकिडवी बसून लिहिते, चोरासारखी.

पन्नासाचा संच. या उन्हात पंचेचाळीस.
त्यातून ताप वजा:
पाठीला चिकटवलेली तार सांगते, त्रेसष्ट अंश.
(ऊनच उन्हाची कमाई खातं,
हे मिनेझिसबाईंना सांगताना
दरवेळी माझी पंचाईत होते.)
उरायला हवेत अडतीस.
इन्व्हर्टर म्हणतो पस्तीस.

तीन कुठे सांडले?

माडाची सावली इथवर पोचत नाही.
जोडण्या घट्ट. तारा शाबूत.
बाई खालून ओरडतात,
"यंत्र फसवतंय, की तू?"
मागे बर्फाच्या लाद्या आदळतात, धप्प, धप्प.

कुंपणापलीकडे मिठागर.
दुलबा घोटाभर पाण्यात उभा,
लांब दांड्याच्या फळीने
पाण्यावरची पांढरी साय ओढतोय.
"कितें म्हणटा तुजें लिंबू?"
"नऊशे बारा."
तो टाच उचलून पुन्हा टेकवतो.
"म्हजी टाच म्हणटा, बोचूंक लागलें.
पूण वारो ना. वारो जाय."

वारा.
मलाही हवाय, त्याच वाऱ्याची झुळूक,
पॅनेलची पाठ निवायला.
वारा आला की त्याचं मीठ धरतं
आणि माझे आकडे चढतात.
वारा आला की
वारा आणखी काय आणतो?

पॅनेलवरून बोट फिरवलं,
जिभेला लावलं.

एक रांग धुतली, गोड्या पाण्याने, फडक्याने.
बाकीच्या तशाच ठेवल्या, पुराव्यासाठी.
धुतलेली रांग तासाभरात पुढे गेली.
अहवालात ऑफिसला इंग्रजी शब्द लागतो.
मी 'कारण'च्या रकान्यात लिहिलं: मीठ.
खोडलं नाही.

बाईंना हे पटलं, जरा जास्तच.
"म्हणजे दुलबाकडून पैसे घ्यायचे?"
दुलबा हसला नाही.
"घे. मागीर बांगडो कित्याक लायतलो, तुज्या बर्फाक?"
मला कळलं नाही हे भांडण की थट्टा.
दोघांची माशांवरची ही बोलणी
माझ्या आधीपासूनची असावीत.

संध्याकाळी मानशीचं दार लावून तो आला.
घुमट अजून सुरू होता,
चोवीस तासांची नोंद लागते म्हणून.
चाळीस. अकरा. तीन. शून्य.
मग उणे दोन.

"उणें वत?" त्याने वाकून पाहिलं.
बिघाड नाही, म्हटलं.
आभाळ स्वच्छ असलं की असं होतं,
काचेतली ऊब वर निघून जाते.

त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं,
एकदा आकड्याकडे.
"म्हळ्यार फांतोडेर दंव पडटलें,"
म्हणाला, आणि चुडतांचा भारा डोक्यावर घेऊन
मिठाची रास झाकायला निघून गेला.

मी वहीत वेळ लिहिली.
सात वाजून सहा.