एक भोक

अशोक चौकामागच्या पत्र्याच्या खोलीत
वडील जकार्डची कार्डं मारायचे.
पुठ्ठ्याला भोक, भोकाला सुई, सुईला दोरा,
मग कुठल्या तरी परक्या मागावर
चादरीत मोर उठायचा.
त्यांनी स्वतः चादर कधी विणली नाही.

मीही नाही.
दिल्लीत, विधी खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर
कलमं लिहितो, पोटकलमं, परंतुकं.
दारावर पितळी पाटी: सचिव.
मंत्री सभागृहात उभे राहतात
तेव्हा अधिकाऱ्यांच्या सज्जात
चिठ्ठ्या पोचवत बसलेला तो मी.

यंदा गड्ड्याला आलो, नऊ वर्षांनी.
दारात सरकारी गाडी पाहून पोरं जमली,
पोरांमागून नागमणी बिर्रू,
जिच्या सुपातल्या तंबाखूने शिंकत शिंकत
मी दहावीचा अभ्यास केला.
उंबऱ्यावरच बसली. पिशवीतून निकाल काढला.
विडी कारखान्याने ग्रॅच्युइटी नाकारलेली. कोर्टानेही.
"तेलुगूत सांग," म्हणाली,
"मराठीत वकिलाने सांगून झालंय."

पान चार.
नोंदवहीत नाव आणि ओळखपत्र, दोन्ही असल्याखेरीज...

हा "आणि" माझा.
मूळ इंग्रजीत, पण माझाच.
आधी तिथे "किंवा" होतं.
मार्चमधली रात्र, साडेअकरा, अधिवेशन उरकत आलेलं,
वित्त खात्याचा फोन आला,
हिरव्या शाईने मी एक शब्द बदलला,
घरी जाऊन जेवलो.

वडिलांचं एकदा एक भोक चुकलं होतं.
सातशे चादरी, सातशे आंधळे मोर.
शेठने महिन्याची मजुरी कापली.
ते रात्रभर त्या भोकावर
खळीने कागदाची टिकली चिकटवत बसले,
फुंकर घालत.
त्यातली एक चादर अजून आहे घरात.
काल रात्री मी तीच पांघरली.

"काय लिहिलंय?"

आमच्या बोलण्यातल्या तेलुगूत
"आणि"ला वेगळा शब्द नाही,
नुसता शेवटचा स्वर लांबवतात.
मी लांबवला.
जरा जास्तच लांबला.

तिला कळलं. "खोडता येत नाही?"
"येतं. पण पुढच्यांसाठी."
तिने कागदाच्या चार घड्या घातल्या,
बोटांनी कडा दाबल्या, विडीचं तोंड मिटतात तशा,
म्हणाली,
"बरं. वहिनीला चहा टाकायला सांग.
साखर कमी."